चार बोटं वर

"ताप असेल तर जाड काही घालू नका. जुनं, धुतलेलं मलमल घाला. घाम जिरतो."

एवढंच लिहिलेलं होतं. माझ्याच नोंदीखाली.

नोंद माझी होती: "ईरा, पाच मिली, अडीच वाजता. पुढचा डोस साडेआठ." ईरा तेव्हा चौदा महिन्यांची होती. सकाळपासून तिला ताप होता, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात फोन. कागद-पेन कुठून शोधणार? समोर जे उघडं होतं त्यातच लिहून टाकलं. आणि समोर उघडं होतं ते शेट्यांच्या कापड दुकानाचं पेज. त्यात ड्राफ्टचा एक कप्पा असतो, तिथं मी पुढच्या पोस्ट अर्ध्यामुर्ध्या लिहून ठेवायची. ड्राफ्ट बाहेरच्या जगाला दिसत नाही. पेजच्या आत ज्याला घेतलेलं असतं त्यालाच दिसतो. आत मी होते आणि मालक विरेश शेटे. तिसरं कुणी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि विरेश शेटे काही मलमल घाला म्हणणाऱ्यातले नव्हते.

मी आधी दाराची कडी बघितली. मग गॅलरीचं दार लावलं, पडदा ओढला. भर दुपारी. मग निरंजनला फोन केला. माझा नवरा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता, हंगाम चालू होता, पाळी संपल्याशिवाय तो फोन उचलायचा नाही. त्या दिवशी उचलला.

"पेजमध्ये कुणीतरी आहे," मी म्हणाले.

"कुठल्या पेजमध्ये?"

"शेट्यांच्या. ईराला ताप आहे हे त्याला माहीत आहे."

मागे यंत्रांची घरघर चालली होती. "तूच लिहिलंस ना तिथं?"

"मी माझ्यासाठी लिहिलं होतं."

"मग वाचलं असेल कुणीतरी. मलमल घाला म्हणतोय, चाकू नाही दाखवत." मग म्हणाला, "घातलंस का मलमल?"

मी फोन ठेवला. ईराच्या अंगात फुलांफुलांचा जाड फ्लॅनेलचा फ्रॉक होता. तो मी काढला. मलमल मात्र मुद्दाम घातलं नाही.

*

शेट्यांचं काम मला तीन महिन्यांपूर्वी मिळालं होतं. पेज सांभाळायचं, फोटो काढायचे, पोस्ट टाकायच्या, गिऱ्हाइकं काही विचारतील त्याला उत्तरं द्यायची. बार्शीत तेव्हा अशा कामाला काम म्हणायला लोक तयार नव्हते. पहिल्या भेटीत मी महिन्याचं बारा हजारांचं पॅकेज सांगितलं तर विरेश शेटे हसले होते. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गल्ल्याच्या मागे वडिलांचा हार घातलेला फोटो.

"मॅडम, आम्ही कापडाची माणसं. मोजल्याशिवाय देत नाही, मोजल्याशिवाय घेत नाही. पॅकेज म्हणजे डोळे झाकून गाठोडं उचलायचं. तुम्ही मोजून बिल द्या. पोस्टला इतके, उत्तराला इतके."

मग ठरलं: पोस्टला दीडशे, उत्तराला दहा रुपये. उत्तरं किती दिली ते पेज स्वतःच महिनाअखेर दाखवतं. तो आकडा मी बिलात उतरवायची, सही करायची. दोन बिलं अशी गेली, दोन्ही वेळा पैसे वेळेवर आले. त्यातून ईराच्या लसी झाल्या आणि तिची गाडी आली, ती ढकलत न्यायची. माझ्या पैशांची पहिली वस्तू.

तिसऱ्या बिलाच्या वेळी, ज्या सोमवारी ईराला ताप आला त्याच सकाळी, त्यांचा फोन आला.

"मॅडम, या खेपेला बिलात जरा सुधारणा करा. पेजवर दिसतो तो उत्तरांचा आकडा एका ओळीत. आणि तुम्ही स्वतः दिलेली उत्तरं दुसऱ्या ओळीत. मोजून."

"दोन्ही एकच आहे ना."

"असेल. मग दोन्हीकडे तेच लिहा. लिहायला काय पैसे पडतात?"

मला राग आला होता. हा माणूस माझ्यावर संशय घेतोय. घरात लहान मूल आहे, ही कधी बसून चारशे उत्तरं लिहिणार, असं त्याच्या डोक्यात असणार. ठीक आहे, मोजते.

आणि आता ड्राफ्टमधली ती मलमलची ओळ वाचल्यावर मी खरंच मोजायला बसले. ईरा खांद्यावर झोपलेली, तिचा श्वास मानेला गरम लागत होता. मी एकेक संभाषण उघडत गेले. माझी उत्तरं ओळखायला सोपी होती, कारण ती सगळी सारखीच होती: "धन्यवाद! अधिक माहितीसाठी दुकानाला अवश्य भेट द्या." एकदा लिहून ठेवलेलं, प्रत्येकाला चिकटवायचं.

पण मधूनमधून दुसरंच काहीतरी होतं.

"परकराला साटीन घेऊ नका, साडी घसरते. पॉपलीन घ्या, आणि शिवायच्या आधी रात्रभर भिजत घाला."

"ताई, तुमच्या मापाला सव्वादोन मीटर पुरे. टेलर अडीच सांगेल. त्याचं ऐकू नका."

"हा रंग फोटोत मोरपंखी दिसतो, आहे तो हिरवाच. उजेडात बघून घ्या."

रोज दुपारी दोन ते चार. मी ईराला झोपवायची त्या वेळेत. गेले तीन महिने माझ्या नाकासमोर हे चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं. कधी ओझरतं दिसलं असेल तर मला वाटलं असेल, मीच लिहिलं. त्या दिवसांत मी जेवले की नाही हेही मला आठवायचं नाही.

पेजचा आकडा होता चारशे अठरा. माझी उत्तरं भरली दोनशे त्रेसष्ट. उरली एकशे पंचावन्न.

म्हणजे मागच्या दोन्ही बिलांत मी दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचे पैसे घेतले होते. सही करून.

*

पेजचा मालक म्हणून कोण नोंदलेलं आहे ते मला दिसत नव्हतं. शेट्यांनी दुकानातल्या संगणकावरून मला नुसतं संपादक म्हणून आत घेतलं होतं. मग मी पेज खाली खाली सरकवत नेलं, पाच वर्षं मागे, अगदी पहिल्या पोस्टपर्यंत. दुकानाच्या पायरीवरून काढलेला एक तिरपा फोटो आणि खाली: "आमच्या येथे सर्व प्रकारचे कापड रास्त दरात मिळेल. संपर्क: महादप्पा उंबरजे." पुढे मोबाईल नंबर.

मी तो नंबर लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला.

"शेटे वस्त्र. बोला."

म्हातारा आवाज. मागे कुकरची शिट्टी झाली. दुकानात कुकर नसतो.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

मग आवाज म्हणाला, "ताप उतरला का बाळाचा?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी उपळाई रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दारात उभी होते. ईराचा ताप उतरला होता. तिला कुणाकडे ठेवायचं म्हटलं तर घरात कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कडेवर मूल असलेल्या बाईला कुणी काही करणार नाही असंही मनात होतं.

महादप्पा उंबरजे जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय लांब सोडलेला, गुडघ्याला पट्टा. कपाळावर विभूती. शेजारी उलट्या डब्यावर फोन आणि भिंतीशी एक लोखंडी मीटरपट्टी, हातात धरून धरून मधे गुळगुळीत झालेली. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि ईराकडे बघून हसली. मी ईराला उतरवलं नाही.

"बसा की बाई," अप्पा म्हणाले. "मला उठता येत नाही, राग मानू नका."

"तुम्ही दुकानात नसता आता."

"चार महिने झाले. एकतीस वर्षं होतो."

"मग पेजवर काय करता?"

त्यांनी फोनकडे बघितलं. "पेज माझ्याच नंबरवर काढलेलं. तेव्हा दुकानात असला फोन माझ्याकडंच होता. थोरले शेटे म्हणाले, अप्पा, काढून टाक तुझ्या नावानं, आपलं काय वेगळं आहे का?" ते जरा हसले. "आता ते गेले. पेज राहिलं माझ्याकडं."

"तुम्हाला काढून टाकलं ना? का काढलं?"

बायको आतल्या दारात थांबली होती. ती आत गेली.

"कापड मोजून झालं की चार बोटं वर सोडायची," अप्पा म्हणाले. चार बोटं जोडून त्यांनी हवेतच कापडाच्या काठावर ठेवली. "मग कात्री लावायची. आखडतं, शिवणीत जातं, गिऱ्हाइकाला कमी पडू नये. थोरल्या शेट्यांनीच शिकवलं मला. विरेशनं संगणक आणला. संगणक म्हणतो, महिन्याला बारा-तेरा मीटर कमी भरतं. मग ते कुठं गेलं?"

"कुठं गेलं?"

"चार बोटं, चार बोटं करून गेलं की. सगळ्या बार्शीत गेलं."

मला ते फार नीट वाटलं. इतकं नीट उत्तर तयार असणं हेच मला बरं वाटेना. मी बॅगेतून फोन काढला आणि एक संभाषण उघडून त्यांच्यापुढे धरलं. एका बाईंनी शाळेच्या युनिफॉर्मच्या कापडाचं विचारलं होतं. उत्तर होतं: "हे घेऊ नका. पहिल्या धुण्यात आखडेल. आठ दिवस थांबा, चांगला माल येतो आहे."

"दुकानाच्या पेजवरून गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणता?"

"आखडतंच ते," अप्पा म्हणाले. "ती बाई आठ दिवसांनी गेली आणि सोळा मीटर घेऊन आली. दोन पोरींचं. तुम्ही काय लिहिलं असतं? अवश्य भेट द्या?"

ईरा त्या मीटरपट्टीकडे हात करत होती.

"हे का करता तुम्ही?" मी विचारलं. "पैसे तर मिळत नाहीत."

"दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा विस्कटलेली थानं घड्या घालून परत लावायची. आता थानं नाहीत." त्यांनी बोटानं फोन दाखवला. "मग हे लावतो."

मी त्यांना बिलाचं सांगितलं. सगळंच. चारशे अठरा, दोनशे त्रेसष्ट, उत्तराला दहा रुपये, आणि शेट्यांना हवी असलेली ती नवी ओळ. त्यांनी नीट ऐकलं.

"मग मोजा की माझी तुमच्यात," ते म्हणाले. "चारशे अठरा लिहा."

"ती माझी नाहीत."

"चार बोटं वर समजा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, माझा शेवटचा हिशोब व्हायचा आहे. एकतीस वर्षांचा. दोन लाखाच्या वर आहे. तेवढा होईतो माझं नाव कुठं कागदावर येऊ देऊ नका. त्यानंतर पेज पण देऊन टाकतो, मला काय करायचंय त्याचं."

असं होय, असं माझ्या मनात आलं. म्हणजे हे सगळं गोड बोलणं यासाठी. मी चारशे अठरावर सही करायची, आणि उद्या यांनी त्या पेजवरून काय वाटेल ते लिहिलं तर तेही माझ्याच नावावर.

मी उठले. अप्पांनी हात लांबवून खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली, झाकण उघडलं. आत कापडच कापड. घड्या घातलेले तुकडे, पांढरे, बदामी, फिकट निळे. वरचा पांढरा तुकडा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. मलमल होतं. हातात घेतलं तर वजनच लागेना.

"बाळाला झबली शिवा. मऊ आहे, टोचायचं नाही."

माझी नजर ट्रंकेवर होती. बारा-तेरा मीटर महिन्याला.

"याचं बिल आहे का?" मी विचारलं.

अप्पांचा हात तसाच राहिला. आतल्या खोलीत भांड्याचा आवाज होत होता तो थांबला.

"आहे की," ते म्हणाले. "शोधावं लागेल."

मी कापड ट्रंकेवर ठेवलं आणि निघाले.

*

घरी येऊन मी बिल केलं. पोस्ट अठरा, दोन हजार सातशे. पेजवरील एकूण उत्तरं चारशे अठरा. पैकी माझी दोनशे त्रेसष्ट, दोन हजार सहाशे तीस. इतर, एकशे पंचावन्न, रक्कम शून्य. एकूण पाच हजार तीनशे तीस.

निरंजन पाळीवर जायला निघाला होता. बूट घालता घालता त्यानं ते वाचलं.

"बरोबर आहे. खरं ते लिहिलंस. कागदावर खरं असलं की आपल्याला कुणाची भीती नाही."

"म्हाताऱ्याचं नुकसान नाही ना होणार?"

"तू नाव कुठं लिहिलंयस? 'इतर' लिहिलंयस. इतर म्हणजे कुणीही."

मलाही ते पटलं. त्या दुपारी मला स्वतःविषयी बरं वाटत होतं हे मला स्पष्ट आठवतं. ईराला गाडीत बसवून, छान केस बांधून मी दुकानात गेले.

दोन वाजले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. विरेश शेट्यांनी बिल घेतलं आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोट एका ओळीवर ठेवून.

"इतर," ते म्हणाले.

"मागच्या दोन बिलांतही थोडं जादा गेलं असेल," मी घाईनं म्हणाले. "माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या बिलांतून वळतं करून देते."

"राहू द्या हो ते. मागचं राहू द्या." त्यांनी गल्ल्यातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "फक्त इतर म्हणजे कोण, तेवढं लिहा."

"मला काय माहीत?"

"असं कसं? आज सकाळी गेला होतात ना तुम्ही. सव्वादहाला. अर्धा तास होतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बार्शी ती केवढी, मॅडम."

ईरानं गाडीतून पायातला बूट खाली टाकला. ते गल्ल्यामागून उठून आले, बूट उचलला, तिच्या पायात घातला. तिच्या गालाला बोट लावलं. मला तिला तिथून उचलून घ्यावंसं वाटलं, पण मी उचललं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "आधीपासून."

"अंदाज होता. अंदाजावर काय होतं? मी तोंडानं बोललो तर म्हणतील मालक म्हाताऱ्यावर आळ घेतो. थोरल्यांच्या वेळचा माणूस. बाहेरच्या माणसानं मोजून, लिहून, सही करून दिलेलं वेगळं." त्यांनी बिलावर हलकेच थाप मारली. "म्हणून तर पॅकेज घेतलं नाही तुमचं."

कुठून तरी सुचलं ते म्हणाले, "ते चांगलं लिहितात हो. गिऱ्हाइकं परत येतात त्यानं."

"कामावरून काढलेला माणूस दुकानाच्या नावानं गिऱ्हाइकाला 'घेऊ नका' लिहितो. बघितलंत ना तुम्ही पण? आणि बारा मीटर गिऱ्हाइकाला दिलं म्हणतो. घरी किती नेलं ते कुणी मोजलंय?"

मला ती ट्रंक दिसली. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचलं कुणास ठाऊक.

"नाव लिहिलंच पाहिजे का?"

"सक्ती नाही." ते परत गल्ल्यामागे जाऊन बसले. खण उघडून माझी मागची दोन बिलं काढली आणि शेजारी शेजारी मांडली. दोन्हींच्या खाली माझी सही, गोल, नीट, कॉलेजात केलेली तशी. "पण मग यातली उत्तरं कुणाची, हा प्रश्न राहतो. ही तर सगळी तुमची म्हणून पैसे गेलेत. छोटं गाव आहे, तुम्हाला अजून चार दुकानांची कामं घ्यायची आहेत."

ते हे अगदी आपुलकीनं म्हणाले. आवाज चढवला नाही, की चेहरा बदलला नाही.

मी पेन उचललं. "इतर"च्या पुढे कंसात लिहिलं, म. उंबरजे. पूर्ण नाव लिहिलं नाही, आद्याक्षर लिहिलं. त्यानं काय फरक पडणार होता? पण त्या वेळी मला वाटलं, पडेल.

"तारीख घाला," ते म्हणाले. मी घातली.

त्यांनी पाच हजार तीनशे तीस रुपये मोजले, थुंकी न लावता, कापडवाल्यांसारखे, अंगठ्यानं सरकवत. "मोजून घ्या."

मी मोजले. बरोबर होते.

*

आठ-नऊ दिवसांनी सकाळी मी पेज उघडलं तर त्यानं मला कळवलं की आता त्याचे मालक विरेश शेटे आहेत. ड्राफ्टमध्ये अप्पांचं काहीही उरलं नव्हतं. ईराच्या औषधाची नोंद होती, तिच्याखालची ओळ नव्हती.

त्याच दिवशी दुपारी दोनच्या पुढे बेल वाजली. दारात अप्पांची बायको होती. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. गल्ल्यांमधून विचारत विचारत आली असणार, पदरानं मान पुसत होती.

"ह्यांनी दिलंय," ती म्हणाली. "बिल सापडलं म्हणाले."

"काकू, आत या ना. पाणी तरी."

"नको. ते एकटे आहेत."

"अप्पांचा हिशोब झाला का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. भाजी निवडताना बघतात तसं.

"झाला की. विरेशनं तुमच्या सहीचा कागद दाखवला. म्हणाला, पेज द्या, इथं सही करा, तुमचं आमचं काही देणंघेणं राहिलं नाही. नाहीतर पोलिसात देतो. ह्यांनी केली सही." मग माझ्या मागे बघत तिनं विचारलं, "बाळ झोपलंय?"

"हो."

"झोपू द्या," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

शेट्यांचं काम मी पुढे सात महिने केलं. सोडलं होतं, असं मी अनेकांना सांगितलंय, पण सोडलं नव्हतं. ईराला बालवाडीत घालायचं होतं. अधूनमधून पेजवर कुणी विचारायचं, आधी माप सांगणारे होते ते कुठं गेले? मी लिहायची: धन्यवाद, दुकानाला अवश्य भेट द्या.

ईरा आता चौथीत आहे. परवा जुन्या कपड्यांची पेटी आवरताना ते पुडकं तिच्या हाती लागलं. "आई, हे काय? हे तर शिवलेलंच नाही." मी ते कधीच शिवलं नव्हतं. आत मलमल होतं आणि घडीत दुकानाचं बिल, पिवळं पडलेलं. तारीख अप्पांना काढलं त्याच्या दोन वर्षं आधीची. गिऱ्हाइकाचं नाव: महादप्पा उंबरजे. मलमल पांढरे, दोन मीटर. रोख मिळाले. खाली थोरल्या शेट्यांची सही.

पुडकं आलं त्या दुपारी ईरा उठायच्या आत मी ते जमिनीवर पसरलं होतं. घरात मीटरपट्टी नव्हती, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. काठ नीट जुळवले, सुरकुत्या हातानं काढल्या. कापड त्यांनीच कापलं असणार. काठ सरळ, एका दमात कात्री गेलेला.

मी या टोकापासून मोजलं, त्या टोकापासून मोजलं. मग उठून खिडकीजवळ उजेडात नेऊन परत मोजलं.

बरोबर दोन मीटर होतं. एक बोटही वर नव्हतं.